बाटली दिसली की तो पलंगाखाली जातो

प्रश्न :
ताई, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे, वजन 12 किलो. चार दिवसांपूर्वी मध्यरात्री कान धरून रडायला लागला, अंगात ताप होता. डॉक्टरांनी कानाचा संसर्ग आहे म्हणून सांगितलं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं सिरप दिलं, 5 एमएल सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. तापासाठी आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलंय. पहिला डोस कसाबसा गेला. त्यानंतर प्रत्येक वेळी नवरा हातपाय धरतो, मी चमच्याने तोंड उघडते, सासूबाई म्हणतात नाक दाब, आपोआप गिळेल. अर्धं औषध कपड्यांवर, कधी सगळंच उलटून पडतं. एकदा दुधात मिसळून पाहिलं, तर आता तो दुधाची बाटलीच ढकलतो. काल मी नुसतं औषधांचं कपाट उघडलं आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. नक्की किती औषध पोटात गेलंय तेच कळत नाही. त्याला असं दाबून धरताना मला रडू येतं. काय करू?

उत्तर :
सगळ्यात आधी डॉक्टरांना फोन करा, आणि आजच करा. चार दिवसांत औषध नीट पोटात गेलेलं नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. कुठला डोस सांडला, कुठला उलटला, आठवेल तेवढं सांगा. हे बोलायला आईवडिलांना संकोच वाटतो. मी मुलांच्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे हे नेहमी बघते : डॉक्टरांसमोर ‘हो, देतोय’ एवढंच होतं आणि खरी कहाणी औषधांच्या खिडकीपाशी बाहेर येते. पण न सांगण्याचे परिणाम मुलाला भोगावे लागतात. कान बरा झाला नाही तर डॉक्टरांना वाटणार की हे औषध लागू पडलं नाही. मग जास्त तीव्र अँटिबायोटिक किंवा इंजेक्शन, आणि पहिल्या औषधाला मुळात संधीच मिळालेली नसते. खरं कळलं तर सात दिवस कुठून मोजायचे ते डॉक्टर ठरवतील, गरज वाटली तर औषधाचा प्रकार बदलून देतील. तोवर ‘राहिलेलं भरून काढू’ म्हणून स्वतःच्या मनाने दुप्पट डोस मात्र देऊ नका.

आता तो तोंड का मिटतो ते बघू. चव हे कारण आहेच. कडू चव लहान मुलांना आपल्यापेक्षा जास्त झोंबते. ज्या औषधाला आपण ‘एवढं काही वाईट नाही’ म्हणतो तेच त्यांना असह्य होऊ शकतं. पण तुमच्या बाबतीत दुसरं एक कारण आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचा कान दुखतोय. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या बाजूला घशाशी जोडलेली असते. आपण गिळतो तेव्हा ती नळी उघडते आणि पडद्यामागचा दाब बदलतो. एरवी आपल्याला ते जाणवतही नाही, पण सुजलेल्या कानात प्रत्येक घोटाला कळ येऊ शकते. कान दुखणारी मुलं दोन घोट दूध पिऊन रडत बाटली सोडून देतात ती यामुळेच. दूध नाकारण्यामागे औषधाची चव असेल, पण हे दुखणंही असू शकतं.

म्हणून क्रम बदला. आधी पॅरासिटामॉल द्या आणि मग साधारण अर्धा-पाऊण तास थांबा. त्याची किरकिर कमी झाली, खेळण्याकडे हात गेला, की अँटिबायोटिक काढा. सकाळ-संध्याकाळ द्यायचं औषध तासभर पुढेमागे झालं तर काही बिघडत नाही. दोन डोसांत साधारण 12 तासांचं अंतर राहिलं की झालं. घड्याळात आठ वाजले म्हणून रडणाऱ्या, झोपेला आलेल्या किंवा नुकतंच पोटभर जेवलेल्या मुलाच्या तोंडात औषध घालायची गरज नाही. फक्त पॅरासिटामॉलचं गणित सांभाळा : दोन डोसांत किमान चार तास, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

यानंतर घरातल्या सगळ्या बाटल्या समोर ठेवा आणि ठरवा की कुठल्या औषधासाठी अडून बसायचं. तुमच्याकडे ते एकच आहे, अँटिबायोटिक. त्याचा प्रत्येक डोस जायला हवा. पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून असतं. कान ठणकत असेल तर ते जरूर द्या. पण अंग गरम आहे आणि तरी पोर खेळतंय, पाणी पितंय, तर केवळ थर्मामीटरवरच्या आकड्यासाठी झटापट करू नका. शांत झोपलेल्या मुलाला तापाच्या औषधासाठी उठवायचीही गरज नसते. टॉनिक, व्हिटॅमिनचे थेंब वगैरे चालू असेल तर आठवडाभर थांबवलं तर चालेल का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. सर्दी-खोकल्याचं सिरप कोणी सुचवलं तर चार वर्षांखालच्या मुलाला ते देऊ नका. त्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट त्रास होऊ शकतो. शिवाय अशा काही सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे नकळत दोनदा दिलं जातं. दिवसातून पाच-सहा वेळा होणारी ओढाताण अशी दोन-तीनवर आली की मुलाला आणि तुम्हालाही श्वास घ्यायला जागा मिळते.

नाक दाबणं आजपासून पूर्ण बंद. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पूर्वी घरोघरी असंच करत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नका, कारण समजावून सांगा. नाक बंद झालं की मूल तोंडाने जोरात श्वास ओढतं, आणि त्या क्षणी तोंडात औषध असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नुसता ठसका लागला तर नशीब. हेच कारण रडत्या मुलाच्या तोंडात औषध न ओतण्यामागे आहे आणि आडवं झोपवून न पाजण्यामागेही. दातांमध्ये चमचा घालून तोंड उघडणंही सोडा. हिरडी दुखावते, आणि तोंडाजवळ येणारी प्रत्येक गोष्ट टोचणारी आहे असं मूल धरून चालतं.

चमच्याऐवजी सिरिंज आणा. सुई नसलेली, तोंडाने औषध द्यायची 5 एमएलची सिरिंज औषधांच्या दुकानात मिळते, बरेचदा बाटलीच्या खोक्यातच असते. टोकाला बारीक टोपण असेल तर ते काढून लगेच फेकून द्या, ते घशात अडकल्याच्या घटना घडलेल्या आहेत. औषध काढण्याआधी बाटली चांगली हलवा. हे सिरप म्हणजे पाण्यात मिसळलेली पावडर असते आणि ती तळाशी बसते. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जास्त तीव्र निघतात. सिरिंज भरली की टोक वर करून टिचकी मारा, हवेचा बुडबुडा बाहेर काढा, आणि दट्ट्याची वरची कड नेमकी 5 च्या रेघेवर आहे का ते डोळ्यांसमोर धरून बघा. हे सगळं स्वयंपाकघरात, त्याच्या नजरेआड करा. तयारी बघत बसावी लागली की तेवढ्या वेळात त्याची भीती वाढत जाते.

मग त्याला मांडीवर आडवा बसवा, झोपवू नका. त्याची एक बाजू तुमच्या पोटाला टेकलेली, त्या बाजूचा हात तुमच्या पाठीमागे गेलेला, डोकं तुमच्या कोपराच्या खोबणीत आणि छातीपेक्षा वर. सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि गाल व हिरडी यांच्या मधल्या जागेत मागच्या दाढांच्या दिशेने ठेवा. दात मिटलेले असले तरी ही जागा मोकळी असते, त्यामुळे तोंड उघडायला लावावंच लागत नाही. तिथून औषध जिभेवर कमी पसरतं, चवही कमी लागते. टोक सरळ घशाकडे धरू नका, त्याने ओकारी येते. आता दट्ट्या अगदी हलकेच दाबा, जेमतेम अर्धा एमएल. थांबा. गिळलेलं दिसतं, गळा हलतो. मग पुढचा अर्धा. 5 एमएलला असे दहा-एक हप्ते होतात आणि सगळं मिळून दोन-तीन मिनिटांत आटोपतं. घाईने एकदम दाबलंत की मूल ते फुर्रकन बाहेर फेकणार, कारण एवढा घोट त्याला एका वेळी गिळताच येत नाही. कपड्यांवर गेलेलं बरंचसं औषध असंच गेलं असेल.

पहिल्याच दिवशी हे जमेल असं मी म्हणणार नाही. चार दिवसांत भीती बसलीय, ती काढायला औषधाची वेळ नसतानाचा वेळ लागेल. एक रिकामी सिरिंज त्याला खेळायला द्या. आंघोळीच्या पाण्यात भरू दे, बाहुलीच्या नाहीतर भालूच्या तोंडात पाणी सोडू दे, तुमच्या तोंडातही सोडू दे. तुम्ही तोंड वाकडं करा, गिळा, पाणी प्या. मग त्याच सिरिंजमधून त्याला आवडणारं गोड पेय किंवा साधं पाणी त्याच्या हाताने त्याच्या तोंडात. तोंडाजवळ सिरिंज आली म्हणजे प्रत्येक वेळी वाईटच घडतं असं नाही, हे त्याला सांगून समजणार नाही, अनुभवाने समजेल. खेळून झालं की सिरिंज परत घ्या, सुटे भाग तोंडात राहायला नकोत. औषधाची सिरिंज वेगळी ठेवा.

त्याला काय सांगायचं, यावरही थोडं बोलते, कारण इथे बहुतेक घरांत गडबड होते. ‘औषध घेशील ना?’ असं विचारू नका. प्रश्न विचारला की ‘नाही’ हे उत्तर द्यायचा हक्क त्याला मिळतो, आणि तो हक्क आपण पाळणार नसतो. त्याऐवजी सांगा, ‘आता औषध. मग आपण गाडी खेळू.’ निवड द्या, पण घ्यायचं की नाही याची नको. आईच्या मांडीवर की बाबांच्या? या गालात की त्या गालात? दट्ट्या तू दाबतोस की मी? दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात स्वतःचं असं फार थोडं ठरवता येतं. आजारपणात तर तेही जातं. एवढ्याशा निवडीने सुद्धा त्याची मूठ सैल होते.

‘अजिबात कडू नाही’ असं म्हणू नका. ‘चव चांगली नाही, पण पटकन संपतं आणि मग कान दुखायचा थांबतो’ असं म्हणा. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर त्याचा भरवसा राहत नाही, आणि आजारी मुलाला आईच्या शब्दाशिवाय दुसरा आधार तरी कुठला? औषधाला खाऊ, चॉकलेट किंवा सरबत म्हणणं मात्र धोक्याचं आहे. ज्या दिवशी त्याचा हात गोड पॅरासिटामॉलच्या बाटलीला लागेल, त्या दिवशी तो ती खाऊ समजून संपवेल. मुलांना उघडता येऊ नये अशी झाकणं त्यांना थोडा उशीर करतात, अडवत नाहीत. बाटल्या उंच आणि कुलपात ठेवा, उशाशी ठेवू नका. ‘नाही घेतलंस तर डॉक्टर सुई टोचतील’ हेही बोलू नका. खरोखर सुईची वेळ आली तर ती त्याला शिक्षा वाटेल.

घेऊन झालं की लगेच तोंडाची चव बदलायला काहीतरी द्या. गार पाणी, फळाचा गर, त्याला आवडेल ते. आणि कौतुक नेमकं करा : ‘तोंड मिटलं नाहीस, सगळं गिळलंस.’ कमी प्यायला असेल तरी जेवढं जमलं तेवढ्याचं कौतुक. मग विषय संपवा. त्याने थुंकलं म्हणून घरभर चर्चा, आजोबांना फोनवर सांगणं, असं त्याच्यासमोर नको. त्याला सगळं कळतं.

आता तुम्हाला जे सगळ्यात जास्त सलतंय त्याबद्दल. हे सगळं करूनही एखाद्या डोसला तो मुळीच ऐकणार नाही, आणि अँटिबायोटिक तर जायलाच हवं. अशा वेळी धरून द्यावं लागतं. त्यात तुमचं आईपण कुठे कमी पडत नाही. फक्त कसं धरायचं ते ठरवून घ्या. त्याला मऊ चादरीत हातांसकट गुंडाळा, एकाने मांडीवर उभा-बसता धरा, दुसऱ्याने सिरिंज. दोनच माणसं, तिसरं कोणी खोलीत नको. आवाज चढवायचा नाही. आधी एकदाच सांगा, ‘मी तुला धरणार आहे, औषध देणार आहे, मग सोडणार आहे.’ रडण्यात श्वास घ्यायला थांबला की लगेच ढकलू नका, श्वास सुटून तोंड शांत होईपर्यंत थांबा, मग अर्धा एमएल गालात. संपलं की त्याच क्षणी चादर सोडा आणि कुशीत घ्या. दहा मिनिटं समजूत, दहा मिनिटं धमकी, पाठलाग, मग धरणं, यातला आधीचा अर्धा तास मुलाला शेवटच्या दोन मिनिटांपेक्षा जास्त घाबरवतो. धरायचंच असेल तर लवकर, शांतपणे आणि क्वचित. तापाच्या औषधासाठी असं धरू नका.

दुधात मिसळण्याबद्दल. तुमचं अँटिबायोटिक थोड्या दुधात मिसळून लगेच दिलं तर औषध म्हणून काही बिघडत नाही. अडचण दुसरी आहे. बाटलीभर दुधात घातलं आणि त्याने निम्मं सोडलं, तर किती औषध गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. आणि दूध हे त्याचं भरवशाचं अन्न, त्याची चव एकदा बिघडली की आजारपणात तेच तुटतं. आता निदान आठवडाभर दूध त्याच्यासमोर ग्लासात ओता, तुम्ही आधी एक घोट घ्या, वेगळा पेला वापरा. मिसळायचंच असेल तर रोजच्या जेवणात नको. चमचाभर घट्ट, गोड, गार अशा कशात तरी मिसळा, जे एरवी तो खात नाही, आणि तो चमचा पूर्ण संपायला हवा. गार पदार्थाने चव थोडी बोथटही होते.

प्रत्येक औषध मात्र कशातही मिसळून चालत नाही. वाचकांपैकी कोणाच्या मुलाला क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर ते आंबट रसात किंवा दह्यात मिसळू नका. त्याच्या कणांवर कडूपणा झाकणारा थर असतो, तो आंबटाने सुटतो आणि औषध आधीपेक्षा कडू होतं. ते फ्रिजमध्येही ठेवत नाहीत, घट्ट होतं. याउलट तुमचं पाणी घालून तयार केलेलं सिरप फ्रिजमध्येच ठेवायचं असतं, आणि गार असताना त्याची चवही जरा सुसह्य लागते. लोहाचं औषध दुधाबरोबर दिलं तर नीट शोषलं जात नाही. म्हणून मिसळण्याआधी फार्मासिस्टला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच वेळी आणखी एक विचारा : हेच औषध कमी मात्रेत देता येईल का? पॅरासिटामॉलचं उदाहरण देते. 12 किलोच्या मुलाला किलोमागे 15 मिलिग्रॅमने 180 मिलिग्रॅम लागतं. 5 एमएलमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे त्यासाठी साडेसात एमएल पाजावे लागतात, आणि 5 एमएलमध्ये 250 असलेल्याचे फक्त 3.6 एमएल. निम्मं पाजायचं म्हणजे निम्मी ओढाताण. अँटिबायोटिकच्या सिरपमध्येही असे कमी-जास्त तीव्रतेचे प्रकार असतात. पण बाटली बदलली की एमएल बदलतात, हे कुठेतरी ठळक लिहून ठेवा. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एकेका एमएलमध्ये 100 मिलिग्रॅम असू शकतं. ते सिरपसारखं 5 एमएल दिलं तर 500 मिलिग्रॅम जाईल, आणि ते या मुलाला फार जास्त आहे. घरातल्या चमच्याने मोजू नका त्याचंही कारण हेच. चहाचा चमचा आणि वाढायचा मोठा चमचा यांत तिपटीचा फरक पडू शकतो.

पॅरासिटामॉल गुदद्वारातून द्यायच्या सपोझिटरीच्या रूपातही मिळतं. कान फार दुखतोय, तोंडावाटे काहीच टिकत नाही, अशा वेळी ती उपयोगी पडते, आणि तुमच्यासारख्या प्रसंगात डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. वजनाप्रमाणे कुठली वापरायची ते तेच सांगतील, आणि तिचा डोस तोंडावाटे दिलेल्या डोसांतच धरायचा असतो.

उलटीचं साधारण असं धरा : पॅरासिटामॉल किंवा अँटिबायोटिक दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटलं तर त्याला थोडं शांत होऊ द्या आणि तोच डोस पुन्हा एकदा द्या. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेला द्या. थोडंसं थुंकलं, बरंचसं गेलं, असं असेल तर अंदाजाने वर भर घालू नका. दुसऱ्यांदाही उलटलं तर डॉक्टरांना विचारा. झटक्यांची, हृदयाची किंवा रोजची इतर औषधं ज्यांच्या मुलांना चालू आहेत त्यांनी ही अर्ध्या तासाची पद्धत वापरू नये, विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नये. तुमच्या औषधाने पोट ढवळतं, म्हणून ते चार घास खाऊ घालून, जेवणाच्या सुरुवातीला दिलेलं बरं. दोन घासांवर औषध, मग बाकीचं जेवण.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा. वेळ, कुठलं औषध, किती एमएल, कोणी दिलं, किती गेलं. तुमच्या घरात तीन मोठी माणसं औषध देतात. आईने दिलं, आजीला माहीत नाही, तिने पुन्हा दिलं, हे फार सहज होतं. हाच कागद डॉक्टरांना दाखवता येतो आणि ‘किती गेलं कळत नाही’ ही तुमची घालमेल थांबते.

काही गोष्टी दिसल्या तर औषध पाजायच्या खटपटीत वेळ घालवू नका, मुलाला उचलून दवाखान्यात न्या. कानाच्या मागे लाल सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, मान ताठ होणं, हाक मारूनही नीट जागं न होणं, श्वासाला त्रास होणं. आठ-दहा तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं. अंगभर पित्त उठणं किंवा ओठ-चेहरा सुजणं, म्हणजे औषधाची ॲलर्जी असू शकते, मग पुढचा डोस देऊ नका. अँटिबायोटिक नीट पोटात जायला लागल्यावरही दोन-तीन दिवसांत ताप आणि दुखणं उतरलं नाही तरी पुन्हा दाखवा. थोडे पातळ जुलाब या औषधाने होतात. मूल पाणी पीत असेल तर घाबरू नका, पण फार होत असतील तर कळवा.

तीन-चार दिवसांत ठणका गेला की तो बरा दिसू लागेल आणि तुम्हालाही वाटेल, आता कशाला त्याला त्रास द्यायचा. डॉक्टरांनी नव्याने जितके दिवस सांगितले तितके पूर्ण करा. सगळं संपल्यावर बाटलीत थोडं उरलं तर ते पुढच्या कानदुखीसाठी राखू नका. पाणी मिसळलेलं हे सिरप थोडेच दिवस टिकतं, किती ते लेबलवर असतं. उरलेलं औषधांच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या, सिरिंज कोमट पाण्याने धुऊन, दट्ट्या वेगळा करून वाळवा आणि त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.